उजव्या कडेचा दोष

१

ताईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर पांढरं कापड, कापडावर पोट उघडून पडलेला एखादा कॅमेरा आणि त्याचे स्क्रू एका झाकणात ओळीने मांडलेले. लोक कॅमेरे दुरुस्तीला आणत आणि जाता जाता विचारत, "नवा घ्यायचा झाला तर कुठला घेऊ?" ताईचं उत्तर ठरलेलं असायचं. "काय काय बिघडू शकतं ते बघा. ज्यात बिघडण्यासारखं सगळ्यात कमी, तो घ्या." गिऱ्हाइकाचं तोंड पडायचं. त्याला लांबचं जवळ आणणारी ऐटबाज लेन्स हवी असायची, मागे मोठा पडदा हवा असायचा. ताई आपली पुन्हा स्क्रूंकडे वळायची.

धाकटा भाऊ आला तेव्हा मात्र तिने स्क्रू बाजूला सारले. घरात त्याला बारक्या म्हणत. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, तरी बारक्याच. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून आपला कॅमेरा काढला आणि टेबलावर ठेवला. हलवला की आतून बारीक वाळू सरकल्याचा आवाज येत होता.

"गेला," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं."

"तू सगळंच सांगितलेलं असतंस. आता काय करू ते सांग."

बारक्या हवामान खात्यात होता. वर पठारावर, जिथे वस्ती नाही आणि धड रस्ताही नाही, तिथे खात्याचे खांब उभे होते. टोकाला वारा मोजायच्या फिरत्या वाट्या, मध्ये तापमानाची पेटी, खाली पाऊस मोजायचं भांडं. वर्षातून एकदा मोटारसायकलवरून एकेक खांब गाठायचा, साफ करायचा आणि साफ केल्याचा फोटो आणायचा. फोटो नाही म्हणजे काम झालं नाही, असा साहेबांचा खाक्या. मागच्या खेपेला धुळीने कॅमेरा अर्ध्या वाटेत बंद पडला, त्याच्या आदल्या खेपेला थंडीने. दोन्ही वेळा बारक्या हात हलवत परत आला. यंदा साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की या वेळी फोटो आले नाहीत, तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस जाईल.

"म्हणजे नोकरीवर पाणी," बारक्या म्हणाला आणि हसला. त्याला हसू आलं नव्हतं हे ताईला कळलं.

२

दुपारभर दोघं काचेच्या कपाटासमोर बसले होते.

"हा कसा आहे?"

"याला बॅटरी लागते. थंडीत बॅटरीने मान टाकली की हातात नुसता दगड."

"मग हा?"

"याची लेन्स आत-बाहेर होते. म्हणजे भात्यासारखी हवा ओढते. हवेबरोबर धूळ."

"हा तरी दिसायला छान आहे."

"दिसायला तूही छान आहेस. उपयोग काय?"

शेवटी ताईने सगळ्यात खालच्या फळीवरून एक कॅमेरा काढला. काळा, धातूचा, हाताला जड. कोपऱ्यांवरचा रंग उडून पितळ दिसत होतं. फिल्मवर चालणारा. शटर स्प्रिंगवरचं, बॅटरीची भानगडच नाही. लेन्स एकच, घट्ट बसवलेली. ज्या लेन्समधून फोटो निघतो तिच्यातूनच बघणाऱ्याच्या डोळ्याला दिसतं, त्यामुळे दिसेल ते येईल आणि येईल ते दिसेल.

"आणि पडला तर?"

"तर तू मोडशील. तो नाही."

त्या आठवड्यात ताईने दुसरं काम घेतलं नाही. जुनं तेल पुसून थंडीत न थिजणारं पातळ तेल घातलं. मागच्या झाकणाच्या कडेने उजेड आत शिरू नये म्हणून मऊ पट्टी असते, ती खरवडून नवी बसवली. मग समोरच्या भिंतीवर रेघांचा तक्ता लावून एक अख्खा रोल काढला आणि भिंगाखाली तपासला.

तपासला म्हणजे ताईच्या पद्धतीने. ताई फोटो बघत नसे. फोटोत कोण आहे, काय आहे, याच्याशी तिला देणंघेणं नसे. ती कडा बघायची, कोपरे बघायची, रेघ सरळ आली का, काळं काळं आलं का, एवढंच. लोकांच्या लग्नाचे रोल तिने धुतले होते, पण नवरी कोण हे तिला सांगता आलं नसतं. डावा कोपरा जरा मऊ आलाय हे मात्र तिच्या ध्यानात राहायचं. आई म्हणायची, "उद्या मी मेले आणि हिला माझा फोटो दाखवला, तर म्हणेल उजवा कान नीट आला नाही."

या रोलमध्ये काहीच मऊ नव्हतं. ताईला इतका आनंद झाला की तिने आतल्या खोलीत जाऊन आईला सांगितलं. आईने मान डोलावली आणि विचारलं, "पोरगा एकटाच जाणार का गं?"

"दरवर्षी एकटाच जातो, आई."

३

पहिला रोल ट्रकवाल्याच्या खिशातून आला. पठारावर एक चौकी होती, दोन खोल्या आणि एक फोन. तिथे रसद पोचवणारा ट्रकवाला परतताना ताईच्या रस्त्यावरूनच जायचा. बारक्याने त्याच्याशी बोलून ठेवलं होतं की रोल भरला की तुमच्याकडे देईन, तो ताईकडे टाका. कॅमेऱ्यात काही खोट निघाली तर लवकर कळावी, हा त्यामागचा ताईचा बेत.

"मजेत आहेत," ट्रकवाला म्हणाला. "दाढी वाढवलीय. ओळखायच्या नाही तुम्ही."

ताईने रोल धुतला, वाळवला आणि भिंग लावलं. खांब, वाट्या, पेटी. भोवती करड्या खड्यांचं सपाट पठार आणि वर मोकळं आभाळ. कोपरे सुरेख. धुळीचा एक ठिपका नाही. ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती, तेवढ्यात तिला उजव्या कडेला रेघ दिसली.

छापल्यावर ती पांढुरकी आली. उभी, बारीक, काडीपेटीतल्या काडीच्या टोकाएवढी. क्षितिजाच्या जरा खाली सुरू होऊन जरा वर संपणारी. सुरुवातीच्या फोटोंत नव्हती, शेवटच्या सगळ्या फोटोंत होती.

ताईचा चेहरा उतरला. कडेला पांढरी रेघ म्हणजे झाकणातून उजेड आत शिरतोय, हे या धंद्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात. आणि झाकणाची पट्टी तिनेच बसवली होती. सख्ख्या भावाची नोकरी टांगणीला लागलेली असताना आपण पट्टी नीट बसवू नये, याची तिला लाज वाटली.

पण एक गोष्ट जुळेना. झाकणातून शिरलेला उजेड फोटोची चौकट पाळत नाही. चौकटीबाहेर फिल्मची जी भोकं पाडलेली मोकळी किनार असते, तिच्यावरही तो सांडतो. ही रेघ किनारीवर सांडली नव्हती. चौकटीच्या आत सुरू होऊन आतच संपत होती. ताईने भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. जे काही होतं ते झाकणातून आलेलं नव्हतं. लेन्समधून आलेलं होतं.

"तिरप्या उन्हाची झळाळी," ती स्वतःशीच म्हणाली. लेन्सवर बाजूने ऊन पडलं की असं होतं कधी कधी. तिला हायसं वाटलं. निदान पट्टी शाबूत होती.

४

चौकीवरचा फोन लहर असेल तर लागायचा. त्या दिवशी लहर होती.

"ताई, कॅमेरा एकदम झकास! थंडी म्हणू नको, धूळ म्हणू नको, कशाला दाद देत नाही."

"उजवीकडून ऊन येतंय बघ लेन्सवर. हाताचा आडोसा धरत जा."

बारक्याने विचारलं, "ऊन येतंय?"

"फोटोत बारीकशी रेघ आलीय. किरकोळ आहे."

"असं होय," तो म्हणाला. "धरतो आडोसा."

दुसरा रोल आला तो अर्धा खांबांचा आणि अर्धा कशाचाच नाही. नुसते खडे आणि आभाळ. एकाच जागेवरून, एकाच दिशेला तोंड करून, एकापाठोपाठ एक काढलेले रिकामे फोटो. रेघ सगळ्यांत होती. आता ती काडीच्या टोकाएवढी राहिली नव्हती, अख्ख्या काडीएवढी झाली होती.

ताई चिडली. आधी फुकट घालवलेल्या फिल्मवर आणि मग त्या रेघेवर. रेघ तऱ्हेवाईक वागत होती. एका जागेवरून काढलेल्या सगळ्या फोटोंत ती तंतोतंत तेवढीच आणि तिथेच, तसूभरही फरक नाही. पुढच्या जागेवर गेलं की मात्र उंच झालेली. वाढत जाणारा दोष ताईला माहीत होता, बुरशी वाढते, ओरखडा वाढतो. पण थांबून थांबून वाढणारा दोष तिने जन्मात बघितला नव्हता.

"रिकामे फोटो कशाला काढतोस रे?" तिने फोनवर विचारलं. "फिल्म काय झाडाला लागते?"

"आडोसा धरून बघत होतो. जातं का ते."

"मग?"

"नाही जात."

खरखर वाढली, कमी झाली. मग बारक्याचा आवाज जवळून आला. "ताई, मी हल्ली कॅमेरा डोळ्याला लावून बसतो. काम संपलं तरी. नुसत्या डोळ्यांनी इथे काही दिसतच नाही, सगळं सपाट. पण कॅमेऱ्यातून बघत राहिलं की बरं वाटतं. हात भरून आला की मगच खाली ठेवतो."

"वेड लागलंय तुला. जेवतोस ना नीट?"

"जेवतो की. एका हाताने."

ताई हसली. तो नेहमीच असलं काहीतरी बोलायचा.

५

छापलेले फोटो ताई आतल्या बोळात दोरीवर वाळत घालायची. आई तिथून जाताना थांबली. तिने चिमटा काढून एक फोटो हातात घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरला.

"हा कोण गं उभा?"

"कोणी नाही, आई. लेन्समध्ये दोष आहे."

"दोष असा उभा राहतो?"

"दोषाला काय, कसाही राहतो."

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने फोटो परत दोरीला लावला, नीट, सरळ. "तू म्हणतेस तर असेल. मला आपलं वाटलं, सोबत मिळाली पोराला."

६

आई आत गेल्यावर ताईने तोच फोटो काढून खिडकीपाशी नेला. खांब मधोमध होता आणि त्याची सावली खड्यांवरून डावीकडे तिरपी पसरली होती. उजवीकडे रेघ होती. रेघेच्या बुडापासून खड्यांवरून डावीकडे आणखी एक सावली तिरपी गेली होती. खांबाच्या सावलीला अगदी समांतर.

झळाळीला सावली नसते. ओरखड्यालाही नाही.

ताई खुर्चीवर बसली. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, नळाच्या पाण्याचा आवाज येत होता. तिने डोकं चालवायला सुरुवात केली, कारण डोकं चालवलं की भीतीला जागा उरत नाही असा तिचा अनुभव होता. लेन्सच्या आत दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तो चिकट थर सुटला की एकाच वस्तूची दोन चित्रं उमटतात, एक ठळक आणि एक बाजूला फिकट. म्हणजे ही रेघ म्हणजे खांबाचंच दुसरं चित्र. खांबाचं दुसरं चित्र आलं की सावलीचंही येणार. चिकट थर हळूहळू सुटतो, म्हणून रेघ हळूहळू वाढते. सगळं कसं चपखल बसलं! ताईने मोठा श्वास सोडला.

रिकाम्या पठाराच्या फोटोंत खांब नव्हताच, हेही तिच्या मनात आलं होतं. तिने ते मनात टिकू दिलं नाही.

तिने फोन लावला. "सापडलं रे. लेन्समधल्या दोन काचा सुटल्यात. म्हणून एकाचं दोन दिसतं."

"म्हणजे बाहेर काही नाही?"

"बाहेर काय असणार?"

मग बारक्या हसला. लहानपणी जिन्यात अंधार असला की तो तळाशी उभा राहायचा, आणि ताईने वर जाऊन दिवा लावला की असाच हसायचा. "नक्की ना, ताई? दोष कॅमेऱ्यातच आहे?"

"मी सांगतेय ना."

"मग झालं तर. मी उगाच... जाऊ दे. हसशील."

"सांग तर."

"आल्यावर सांगतो. मग आता काय करू? एकच खांब राहिलाय."

"कॅमेरा ट्रकवाल्याकडे देऊन टाक. त्याच्या पुढच्या खेपेला दुसरा पाठवते. तोवर चौकीवर पडून राहा."

"तो येईपर्यंत हाच असू दे की माझ्याकडे. फोटोला नाही, नुसता बघायला."

या ठिकाणी ताईने जरा ऐकलं असतं तर! पण तिच्या डोक्यात तिच्या हातचं काम होतं, तिच्या हातचा कॅमेरा नासका निघाल्याची नामुष्की होती. ती जवळजवळ ओरडलीच. "अजिबात नाही. बिघडलेल्या कॅमेऱ्यातून बघून डोळे फोडून घ्यायचेत का? त्याला हातसुद्धा लावायचा नाही आता."

"बरं, ताई," बारक्या म्हणाला. तिचं त्याने कधी मोडलं नव्हतं.

७

ट्रकवाल्याने कॅमेरा फडक्यात गुंडाळून आणला होता. तो खुशीत होता.

"यातला शेवटचा फोटो माझा बरं का. म्हणजे मी काढलेला. तुमचे भाऊ म्हणाले, कॅमेरा चाललाच आहे, तर आईला पाठवायला माझा एक काढा. असलं यंत्र कधी हातात धरलं नव्हतं हो. तो दुसरा माणूसही आला मध्ये. म्हटलं असू दे, दोघांचा होईल."

"दुसरा कुठला?"

"त्यांच्याच खात्यातला असेल. मागे उभा होता. पण उंच किती! चौकटीत मावेना. मी मागे मागे गेलो, पार ट्रकला टेकलो, तरी डोकं कापलं गेलं असणार. तेवढं सांभाळून घ्या."

ताईने विचारलं, "काय बोलला तो?"

"बोलला कुठे? मी कॅमेरा खाली घेतला तर तुमचे भाऊ एकटेच होते. तो चौकीत गेला असेल." ट्रकवाल्याचं हसू हळूहळू मावळलं. आपण काय बोलतोय ते तो आत्ताच ऐकत होता. "दाराला कुलूप होतं म्हणा. किल्ली माझ्याच हातात होती, सामान उतरवायचं होतं ना." त्याने मान खाजवली. "ऊन फार लागतं हो तिकडे."

ताईने पाणी देऊ केलं, पण तो थांबला नाही.

८

रोल आधी धुवायला हवा होता. ताईने आधी कॅमेरा उघडला. अंधाऱ्या खोलीत रोल काढून डबीत ठेवला आणि ती टेबलाशी येऊन बसली. तिला दोष हवा होता.

तिने लेन्स काढून खिडकीच्या उजेडात धरली. काचा सुटल्या की आत तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. एकही रंग दिसला नाही. तिने लेन्स फिरवली, तिरकी केली, उलटी केली. चिकट थर पहिल्या दिवसासारखा. मागच्या झाकणाची पट्टी घट्ट. शटरचे पडदे सपाट. एवढ्या धुळीतून आलेल्या कॅमेऱ्याच्या पोटात धुळीचा कण नव्हता. सारी हयात ताईने दोष नसावा म्हणून जीव टाकला होता. आज ती एक तरी सापडावा म्हणून जीव टाकत होती. टेबलावर पुसून ठेवलेला तो कॅमेरा तिच्या हातून गेलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांत सर्वात धडधाकट होता.

मग तिने रोल धुतला.

शेवटच्या फोटोत बारक्या चौकीच्या भिंतीसमोर उभा होता. दाढी वाढलेली, दात दिसतायत, दोन्ही हात पसरून पंजे उघडे केलेले, बघा हात मोकळे झाले, अशा थाटात. त्याच्या मागे जे होतं ते आता रेघ राहिलेलं नव्हतं.

ताईची नजर सवयीने कोपऱ्यात पळाली. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे फोटो संपतो, तिथे ते पांढुरकं अजून वर गेलेलं होतं. बारक्याच्या डोक्यावर आणखी एक बारक्या उभा राहील एवढं. कोपरा स्वच्छ आला होता, कडा धारदार. ताई कोपऱ्यातच बघत राहिली, कारण तिथून खाली नजर आणायची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने ती आणली. ते सरळ उभं नव्हतं. मध्येच वाकलेलं होतं, एखाद्या लहान मुलाच्या कानात काही सांगायला मोठं माणूस वाकतं तसं. आणि बारक्याच्या खांद्याच्या मागून काहीतरी पुढे आलेलं होतं, अजून टेकलेलं नव्हतं.

तिने फोटो पालथा घातला. मग बाकीचे सगळे फोटो काढून टेबलावर क्रमाने मांडले आणि जन्मात पहिल्यांदा फोटो बघितल्यासारखे बघितले. एका जागेचे सगळे फोटो घ्या. ते तसंच, तिथेच, हललेलं नाही. दुसऱ्या जागेचे घ्या. जवळ आलेलं, पण पुन्हा तिथेच थिजलेलं. बारक्या डोळा लावून बघत होता तोवर ते थांबत होतं. हात भरून आला, कॅमेरा खाली गेला, की ते निघत होतं. हे त्याला कळलं होतं. कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं म्हणून तो बोलला नव्हता, नुसता बघत बसला होता, एका हाताने जेवत. आणि त्याने विश्वासाने विचारलं तेव्हा ताईने त्याला सांगितलं की बाहेर काही नाही, आणि त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला.

"मी काय केलं हे," ताई म्हणाली. आतून आईने विचारलं, "काय गं?" ताई फोनकडे धावली.

९

फोन पहिल्याच फटक्यात लागला. भर दुपार होती.

"ताई! आत्ता डोळा लागत होता बघ. काय झोप येतेय म्हणून सांगू! किती दिवसांची उधारी फेडतोय. मागे वळून बघायची सवयसुद्धा सुटली."

"बारक्या, मोटारसायकल काढ आणि निघ."

"आत्ता? का? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सामान राहू दे. तू नुसता निघ."

"अगं, पण एक खांब..."

"खांब गेला खड्ड्यात. नोकरी गेली खड्ड्यात. तू आधी खाली ये."

पलीकडे खाटेची करकर झाली. तो उठून बसला असावा. ताईला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने काही विचारू नये असं तिला वाटत होतं, आणि तो विचारणार हे तिला माहीत होतं.

"ताई, काचा सुटलेल्या होत्या ना?"

ताईला खोटं बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं. तिच्यासमोर टेबलावर लेन्स पडली होती आणि खिडकीचा उजेड तिच्यातून आरपार येत होता. तिचं गप्प राहणं बारक्या लहानपणापासून ओळखत होता.

"दोष नव्हताच का गं?" त्याने विचारलं.

"तू निघ रे," ताई रडत म्हणाली. "निघ ना."

"हो. निघतो." तो उठल्याचा आवाज आला, मग किल्लीचा. मग पावलं थांबली.

"खोलीत अंधारलं एकदम," बारक्या म्हणाला. "खिडकीवर ढग आला वाटतं." हवामान खात्यातला माणूस तो. खिडकीवर ढग येत नाही हे त्याला कळत होतं. यानंतर तो बोलला ते इतकं हळू, की ताईने फोन कानात रुतेपर्यंत दाबून धरला.

"ताई, आता मी कशातून बघू?"

"डोळे मीट," ताई म्हणाली. याहून दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं. "डोळे मीट, बारक्या. मी बोलतेय तोवर मिटूनच ठेव. मी आहे इथे. ऐकतोयस ना? आई आत बसलीय. तुझ्या खोलीतल्या गादीला तिने कालच ऊन दाखवलं. मी तुला दुसरा कॅमेरा देते, चांगला, तू म्हणशील तो, दिसायला छान असलेला. ऐकतोयस ना?"

तो उत्तर देत नव्हता. पण फोन चालूच होता, म्हणून ताई बोलत राहिली.